माझ्या रायफलला कुठली गोळी आवडते?

आठ दिवसांपूर्वी, रविवारी, नवऱ्याला पहिल्यांदा शूटिंग रेंजवर घेऊन गेले... गोळ्या निवडायला. दिघीहून निघताना सासूबाई दारातच म्हणाल्या, “दोघं मिळून दिसभर गोळ्या निवडणार? तांदूळ हायेत व्हय?”

हसू नका, पण खरंच तसंच असतं. मी पोटावर झोपून पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर नेम धरते. एकाच जातीच्या गोळ्या, पण वेगवेगळ्या वेळी बनलेल्या, त्याला लॉट म्हणतात... आणि प्रत्येक रायफलला वेगळा लॉट मानवतो.

पुढच्या रविवारी राज्याच्या टीमची ट्रायल होती. मागच्या वेळी माझी निवड थोडक्यात हुकली, तेव्हा गोळ्यांना दोष देऊन मी मोकळी झाले होते. या वेळी दुकानदाराकडे तीन लॉट होते, आणि कुठला हवा ते संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

नवरा चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. त्याने खिशातून गोल स्टिकर काढले आणि तिन्ही डब्यांवर चिकटवले... लाल, पिवळा, हिरवा.

त्याच क्रमाने मी प्रत्येकातल्या दहा दहा झाडल्या. लालच्या खुणा कागदभर विखुरल्या, पिवळ्याच्या बऱ्या, आणि हिरव्याच्या सगळ्या जवळजवळ एकाच भोकात. मी लगेच दुकानदाराला फोन लावायला निघाले.

“थांब गं. एका रीडिंगवर आम्ही लॉट पास करत नाही.”

मग चहा, वडापाव, थोड्या गप्पा... आणि पुन्हा तेच, पण उलट्या क्रमाने. या वेळी हिरवा विखुरला आणि लाल एका भोकात.

मी रायफल खाली ठेवली. वाटलं, या वयात हा नाद करायलाच नको होता. रायफल बिघडली असेल नाहीतर मी.

नवऱ्याने सहाही कागद जमिनीवर मांडले, पण रंगांप्रमाणे नाही... ज्या क्रमाने मी झाडले होते त्या क्रमाने.

प्रत्येक वेळी पहिला कागद विखुरलेला. दुसरा बरा. तिसरा देखणा.

“गोळ्या तिन्ही ओके आहेत,” तो म्हणाला. “तू सुरुवातीला किती मारतेस, न मोजायच्या?”

स्पर्धेआधी नेम जुळवायला वेळ देतात, त्यात हव्या तेवढ्या गोळ्या झाडता येतात. मी चारपाचच झाडायची. उगाच वाया का घालवायच्या...

“वाया कसल्या? मशीन सेट करतानाचे पहिले पीस आम्ही मोजणीत धरतच नाही. मशीन जरा गरम होऊ दे की.”

शेवटी पिवळा लॉट घेतला. दोन्ही वेळा बिचारा कुरकुर न करता मधे राहिला होता.

काल ट्रायल झाली. शेजारच्या जागांवरच्या मुली तयार होऊन थांबल्या होत्या, तरी मी सुरुवातीच्या वेळात एकामागून एक गोळ्या झाडत राहिले... श्वास आपसूक संथ होईपर्यंत. मगच म्हटलं, आता मोजा.

यादीत नाव आलं. सगळ्यात शेवटचं, पण आलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “निघाले का खडे?” म्हटलं, “खडे नव्हतेच हो, आई.”

रात्री कणीक मळून झाकून ठेवली आणि माझं मलाच हसू आलं. कणकेला मुरायला वेळ देते, विरजणाला देते, घरातल्या प्रत्येकाला देते... स्वतःला दिलेला मात्र वाया गेल्यासारखा वाटायचा. ते सहा कागद जमिनीवर मांडणाऱ्या माणसाला पहिली गरम पोळी वाढली.