कुंपणाबाहेरची कबर

पाद्री गॉटहिल्फ राडेमाखर जर्मनीतल्या हॅनोव्हरहून अमेरिकेत नेब्रास्काच्या माळावर आला, तेव्हा त्याच्याकडे एक घोडी, पेटीभर पुस्तकं आणि सव्विसाव्या वर्षी असते तेवढी खात्री होती. मातीच्या ढेकळांच्या घरात राहून त्याने चार वस्त्या सांभाळल्या, लग्नं लावली, माणसं पुरली. लोक तोंडावर मान देत आणि पाठीमागे म्हणत, "पाद्रीबाबांचा देव क्षमा करतो, पाद्रीबाबा नाही करत!"

ते अगदीच खोटं नव्हतं. चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर-द्राक्षारस घ्यायचा, तर आधीच्या शुक्रवारी प्रत्येकाला त्याच्या दारी येऊन नाव द्यावं लागे. वहीत लिहिण्याआधी तो विचारी, "कोणाशी वैर?" असलं तर आधी मिटवून ये, मग नाव. बांधावरून हमरीतुमरीवर आलेले सख्खे भाऊ या एका प्रश्नापायी पुन्हा एका बाकावर बसले होते.

डोरोथेआ व्हीबकिंग मात्र अकरा वर्षं त्या दारी फिरकली नव्हती. तिचं पोर जन्मतःच निळं पडलं होतं. अशा वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतं, ओंजळभर पाणी पुरतं. पण महिन्याभरापूर्वीच एका सुईणीने धडधाकट पोराला उगाच घाईने बाप्तिस्मा दिला म्हणून राडेमाखरने तिला भर मंडळीत फैलावर घेतलं होतं. त्या धाकाने व्हीबकिंगांकडे पाण्याला हात लावायची कोणाची छाती होईना. त्याला बोलावणं गेलं. नदीवरचा बर्फ फुटत होता, त्यामुळे तो तिसऱ्या दिवशी पोचला. पोर आदल्या दिवशीच गेलं होतं. बाप्तिस्मा नाही म्हणून घंटा नाही, आणि कबर कुंपणाबाहेर. नियम म्हणजे नियम.

आता त्याच्या छातीने दगा दिला होता. त्याच्या जागी फोगेलसांग नावाचा तरुण पाद्री आला. पहिल्याच शुक्रवारी राडेमाखर काठी टेकत नाव द्यायला गेला.

"बाबा, तुम्हाला मी काय विचारणार?" फोगेलसांग ओशाळला.

"सगळ्यांना विचारतोस तेच."

"कोणाशी... वैर?"

राडेमाखरला कुंपणाबाहेरची ती छोटी कबर आठवली. आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेल्या प्रश्नापुढे त्याला लाज वाटली.

"अजून लिहू नकोस," म्हणून तो उठला.

डोरोथेआ अंगणात लोणी काढत होती. "वाट चुकलात वाटतं, पाद्रीबाबा?"

"अकरा वर्षांपूर्वीच चुकलो. तुम्ही माझ्या धाकाने थांबलात, आणि शिक्षा मी लेकराला दिली."

तिचा हात थांबला. "हे मला कशाला सांगता? मला ठाऊकच आहे. गावाला सांगा."

तो तसाच कब्रस्तानात गेला आणि कुंपणाचे खांब उपटू लागला. दोन खांबांतच खोकल्याने वाकला. मग डोरोथेआचा नवरा कोर्ड पहार घेऊन आला आणि कामाला लागला. ऊन उतरेपर्यंत कुंपण त्या छोट्या कबरीला आत घेऊन उभं राहिलं.

मग राडेमाखरने घंटेचा दोर धरला. माणूस गेलं की वयाच्या वर्षागणिक एक टोला, आणि शेतातले लोक हात थांबवून मोजत. आज एकच टोला पडला. लोक टोप्या काढून दुसऱ्याची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. मग म्हाताऱ्यांना उमगलं आणि त्यांच्या माना खाली गेल्या.

राडेमाखर दोराशीच धापा टाकत बसला होता. ओल्या एप्रनला हात पुशीत डोरोथेआ आली, ती थेट घंटा ऐकून धावत आलेल्या फोगेलसांगसमोर उभी राहिली.

"धाकटे पाद्रीबाबा, वही काढा. माझं नाव लिहा. खाली यांचं. आणि यांना काही विचारू नका, यांचं कोणाशी वैर नाही. मी सांगते."