आक्काच्या चिठ्ठ्या

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या दुकानात दोन माणसं बसायची. आत खिडकीखाली, लोखंडी टेबलाशी, मिस्त्री; आणि दाराशी, काउंटरवर, त्यांची थोरली बहीण आक्का. आलेल्या माणसाशी आक्का बोलायची, आलेल्या मशीनशी मिस्त्री. तीस वर्षं ही वाटणी कधी मोडली नाही. आक्काचं लग्न झालं नव्हतं, मिस्त्रींचं राहून गेलं. एखादं नवखं गिऱ्हाईक दोघांना नवरा-बायको समजलं, की आक्का म्हणायची, "माझं नशीब इतकंही वाईट नाही हो."

मागच्या वर्षी तीन दिवसांच्या तापात आक्का गेली. पाचव्या दिवशी मिस्त्री दुकान उघडून बसले. रडले नाहीत. एकदा सुई बोटात आरपार गेली, तर पांढऱ्या कापडावर लाल ठिपका दिसेपर्यंत त्यांना पत्ता नव्हता. त्यांनी सुई उपसली, पुसली आणि चाक पुन्हा फिरवलं.

त्याच सुमारास समोरच्या रस्त्यावर पूल झाला. माणसांची जा-ये डोक्यावरून होऊ लागली आणि खाली दुकानापुढे नुसती पुलाची सावली उरली. आठ-आठ दिवस उंबऱ्याला गिऱ्हाइकाचा पाय लागत नसे.

दुकान तिघा भावंडांच्या नावावर. धाकट्या भावाचा काचेच्या भांड्यांचा व्यापार, आणि त्याचं गोदाम उतू चाललेलं. तो वाईट माणूस नव्हता. येऊन स्टुलावर बसला आणि म्हणाला, "दादा, आता आवरतं घे. खोली गोदामाला दे. तू आमच्याकडे राहायला ये. दिवसभर कुणासाठी बसतोस इथे?"

मिस्त्रींनी काउंटरमागच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. तिची गादी अजून एका बाजूला दबलेली होती.

"थंडी संपेपर्यंत थांब," ते म्हणाले. "तोवर गिऱ्हाईक आलं नाही, तर किल्ली तुझी."

भावाची मुलगी एका कचेरीत लोकांच्या वेबसाइट सांभाळायची. हे तिच्या कानावर गेलं आणि रविवारी ती लॅपटॉप घेऊन हजर झाली.

"काका, लोक आता दुकान रस्त्याने शोधत नाहीत, फोनमध्ये शोधतात. तिथे आपण वर दिसलो पाहिजे. एसईओ म्हणतात त्याला."

"म्हणजे पाटी रंगवायची."

"पाटी नाही हो. कोण काय शोधतंय ते ओळखायचं आणि त्याचं उत्तर आपल्या पानावर ठेवायचं."

तिने पान तयार केलं आणि मजकूर मिस्त्रींवर सोपवला. चार दिवस खपून त्यांनी लिहिलं: 'शटल, टायमिंग, टेन्शन व फीड यांची अचूक दुरुस्ती.' एकही शब्द चुकीचा नव्हता. मग रोज सकाळी कुलूप काढलं, की ते फोनमध्ये दुकानाचं नाव टाकायचे. दुकान सगळ्यात वर दिसायचं. ते बोट लावून पान उघडायचे, वाचायचे आणि फोन खिशात ठेवायचे. भावाला म्हणाले, "पहिला नंबर आहे आपला."

"मग गिऱ्हाईक कुठंय?"

मिस्त्री आत टेबलाशी जाऊन बसले.

दीड महिन्याने पुतणी पुन्हा आली. सर्च कंपनीच वेबसाइटवाल्यांना एक फुकटचं साधन देते. आपलं पान किती वेळा दाखवलं गेलं, किती वेळा कुणी उघडलं, त्याचे आकडे त्यात दिसतात. तिने ते उघडलं आणि हसू दाबत म्हणाली, "एक्केचाळीस वेळा दिसलं. एक्केचाळीस वेळा उघडलं."

"बघ. एकही वाया नाही गेलं."

"काका, तुम्ही रोज किती वेळा उघडता?"

"एकदाच. सकाळी."

"आणि पान झाल्यापासून दुकान किती दिवस उघडलंत?"

मिस्त्रींनी बोटांवर मोजलं. हिशेब एक्केचाळीसलाच येऊन थांबला.

"म्हणजे तुम्ही रोज आपल्याच दाराची कडी वाजवताय आणि आपणच ओ देताय," ती म्हणाली. "ज्याला दुकानाचं नाव ठाऊक आहे त्याला शोधायची गरजच नाही. ज्याला ठाऊक नाही, तो काय टाकेल?"

"शटल दुरुस्ती."

"शटल म्हणजे काय, मलाही माहीत नाही. तुम्हीच टाकून बघा. 'शिलाई मशीन' एवढंच. पुढे काही लिहू नका. खाली लोकांचे शब्द आपोआप येतात."

मिस्त्रींनी दोन शब्द टाकले. खाली ओळी उतरल्या: मशीन टाके सोडतं. खालचा दोरा गोळा होतो. कापड पुढे सरकत नाही. चाक जड फिरतं.

ते त्या ओळींकडे बघत राहिले. मग उठले, काउंटरपाशी गेले आणि खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. वर्षभर त्याला कुणी हात लावला नव्हता.

आलेल्या प्रत्येक मशीनच्या दांड्याला आक्का एक चिठ्ठी बांधायची. तिच्यावर गिऱ्हाईक जे बोललं ते, त्याच्याच शब्दांत. मिस्त्रींचा यावरून रोज त्रागा. "अगं, भागाचं नाव लिही. 'टाके गिळतं' हा काय आजार आहे?" आक्का म्हणायची, "तुझ्या मशीनला भाग असतील. त्यांच्या मशीनला दुखणं आहे." काम झालं की मिस्त्री चिठ्ठी तोडून खाली टाकायचे. आक्का ती वाकून उचलायची. कशाला, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

डबा गच्च होता. 'टाके गिळतं.' 'पळताना दम लागतो.' 'जाड कापड बघितलं की बसतं.' 'सासूबाईंचं आहे, जपून.' पुतणी एकेक वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. मिस्त्रींना आपल्याला काही होतंय असं वाटलं नाही. त्यांनी फक्त चिठ्ठ्यांच्या गड्ड्या लावायला घेतल्या, एका दुखण्याची एक गड्डी. सगळ्यात उंच गड्डी टाके गिळण्याची, म्हणजे फोनमधल्या ओळीतल्या टाके सोडण्याची झाली.

"असली यादी मिळावी म्हणून आमच्याकडे लोक महागडी साधनं घेतात," पुतणी म्हणाली. "आक्काआत्याने डब्यात भरून ठेवलीय."

मग एकेका गड्डीचं एकेक पान होऊ लागलं. वर दुखणं, आक्काच्या शब्दांत. खाली उपाय, मिस्त्रींच्या. 'टाके गिळत असेल तर आधी सुई बदला. सुई उलटी बसली नाही ना, पाहा. दोरा काढून पुन्हा ओवा. तरीही गिळत असेल तर घेऊन या.' ते सावकाश लिहीत, पुतणी चढवत असे.

भाऊ वाचून वैतागला. "दादा, घरबसल्या सगळं शिकवलंस तर दुकानात कोण कशाला येईल?"

"सुई बदलायला इथवर कुणी येऊच नये," मिस्त्री म्हणाले. आवाजात राग नव्हता, हट्टही नव्हता.

महिनाभर काही हललं नाही. हे असंच सावकाश चालतं, असं पुतणीने बजावून ठेवलं होतं. मिस्त्रींनी दुकानाचं नाव शोधणं सोडलं. ते आता आकडे बघायचे. पानं साठ वेळा दिसली, उघडली दोनदा. मग दोनशे वेळा दिसली, उघडली अकरा वेळा. ते आकडे वाचून फोन खाली ठेवत आणि दाराकडे बघत. दारात पुलाची सावली असे.

थंडी ओसरत असताना एक बाई रिक्षातून मशीन घेऊन उतरल्या. ओझं काउंटरवर टेकवून म्हणाल्या, "टाके गिळतंय हो. तुम्ही लिहिलंय तशी सुई बदलली, दोरा पुन्हा ओवला. तरी गिळतंय."

मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं, "आक्का, लिहून घे."

कुणी लिहून घेतलं नाही. बाई थांबल्या होत्या. मिस्त्री काउंटरच्या त्या बाजूला गेले, ड्रॉवरमधली आखूड पेन्सिल घेतली आणि चिठ्ठीवर 'टायमिंग' लिहायला हात उचलला. मग लिहिलं, 'टाके गिळतं.' त्याखाली, 'सुई बदलून झाली.' दोऱ्याने ती दांड्याला बांधली. गाठ आक्कासारखी बसली नाही.

त्यानंतर दुसरं आलं, तिसरं आलं. एक जण तर पूल ओलांडून, पलीकडच्या टोकाहून आला.

ठरल्या दिवशी भाऊ मोजायची टेप घेऊन आला. कपाटं कशी बसतील ते बघायचं होतं. एक टोक भिंतीला धरून तो वळला आणि थबकला. जमिनीवर नऊ मशीनं ओळीने उभी होती, प्रत्येकाच्या दांड्याला चिठ्ठी.

"हे जरा बाजूला घे ना, दादा."

"कुठे घेऊ?"

भावाने खोलीभर नजर फिरवली. टेबलावर मशीन, स्टुलावर मशीन. रिकामी होती ती फक्त काउंटरमागची खुर्ची, आणि तिच्यावर काही ठेवायला कुणी सांगितलं नाही. त्याने बटण दाबलं. टेप सर्रकन आत गेली.

"गोदाम दुसरीकडे बघतो," तो म्हणाला. वाकून त्याने जवळची चिठ्ठी वाचली. "'पळताना दम लागतो.' हे काय?"

"पट्टा सैल झालाय," मिस्त्री म्हणाले आणि दिवा ओढून कामाला लागले.