दोन गाड्यांचा एक ड्रायव्हर

माझा मामा ड्रायव्हर. मालक भावांची वाटणी झाली तेव्हा थोरल्याला पन्नासच्या दशकातली लांबलचक अमेरिकन गाडी आली, धाकट्याला त्याच काळातली इवलीशी इंग्रजी, आणि मामा विहिरीसारखा सामाईक राहिला. खोली थोरल्याच्या गॅरेजवर, पगार धाकट्याकडून. भावाभावांत अबोला, पण गाडीत बसले की दोघांचा प्रश्न एकच, "खरं सांग, चांगली कुठली?" समोर असेल त्याला मामा म्हणायचा, "आपली, साहेब." अशी वर्षं गेली.

गेल्या महिन्यात एका शाळेनं त्याला बस चालवायला बोलावलं. रविवारी सुट्टी, राहायला घर. पण नोकरी सोडतो म्हणायला तीनदा गेलेला मामा तीनदा गाडी धुऊन परत आला.

तेवढ्यात भावांचा समेट झाला. एक गाडी विकायची, दुसरी धाकट्यानं स्वतः चालवायची. विकायची कुठली, ते मामानं सांगायचं. म्हणजे एकीला नावं ठेवली की मामा मोकळा!

"नुसतं वाईट बोलायचंय," मामीनं बजावलं. "माझ्याबद्दल बोलता तसं." आणि भरवसा नाही म्हणून मला सोबत धाडलं.

भाऊ एकाच सोफ्यावर बसले होते.

"मोठी विका," मामा म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. "गल्लीत वळत नाही. स्टिअरिंग ओढून खांदे गेले माझे."

थोरल्याचा चेहरा उतरला. मामानं तो पाहिला आणि घात झाला.

"पण साहेब, सीट म्हणजे गादीनं लाजावं. खड्डा गाडीला कळतो, आपल्याला नाही."

"मग छोटी विकू?" धाकट्यानं विचारलं.

"विकाच. चढावर धापा टाकते. मागे बसणाऱ्याचे गुडघे हनुवटीला." धाकटा खिडकीबाहेर बघू लागला. "पण वळायच्या आधी दाराजवळून इंडिकेटरचा तो पिवळा हात बाहेर काढते ना, पोरं बघत उभी राहतात, साहेब!"

मी मागून त्याचा सदरा ओढला. उपयोग शून्य.

भाऊ एकमेकांकडे बघून हसले. "दोन्ही ठेवू," थोरला म्हणाला. "हा आहे तोवर आपल्याला कसली काळजी?"

"हो, साहेब," मामा म्हणाला. दोघांना एकेकदा.

परत आलो तर मामी खोलीच्या दारातच उभी होती. "कुठली विकतायत?"

"अगं, दोघांना वाईट वाटत होतं."

"आणि मला?"

खाली हॉर्न वाजला. मामा चपला शोधायला लागला होता.