भाजीबाजार पुरात गेला तेव्हा

वडनेरच्या बाजारात आम्ही भाजीवाले शेजारी शेजारी बसतो. गिऱ्हाईक नसलं की तोंडं सुरू! त्यात यंदा वादळ आलं आणि पाठोपाठ पूर. भाजी सगळी गेली, पण किश्श्यांचं पीक असं आलं की विचारू नका.

पहिला मान रमेशभाऊचा. वादळात त्याच्या गोठ्याच्या टिना, म्हणजे पत्रे, उडाल्या आणि थेट शेजारच्या गुणवंतामामांच्या वावरातल्या वांग्यांवर जाऊन पडल्या. रमेशभाऊ त्या आणायला गेला, तर मामा आडवे आले!

"टिना तुह्या असतीन, पण खाली वांगे माह्ये मेले. हात नोको लावू!"

वाद रंगात आला आणि पुन्हा पाऊस कोसळला. दोघंही त्याच टिनांखाली शिरले आणि उरलेलं भांडण तिथं बसून संपवलं.

*

मग पाणी गावात शिरलं. आमच्यातल्याच शांताकाकू घरात एकट्या, पाणी कमरेपर्यंत. लांबून बघताना आमचा जीव टांगणीला! बचावाची बोट दारात पोचली, तर काकू बकरीला कवटाळून उभ्या.

बोटीतला जवान ओरडला, "आजी, बकरीला जागा नाही!"

"मंग तू उतर न बापा! तुले तं पवता येते, तिले नाई येत!"

बकरी बोटीत बसून आली. जवान पाण्यातून, बोट धरून.

*

सगळ्यांची सोय शाळेत झाली. मामांच्या वाट्याला चौथीचा वर्ग आला. मामांनी तिसरीतच शाळा सोडलेली. पहिल्या बाकावर ऐसपैस बसले आणि म्हणाले,

"चवथीत याले मले आभाळ फाटा लागलं!"

*

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे पुण्याहून मदत घेऊन आलेल्या पोरीला कुठून ठाऊक असणार? तिनं काकूंचा हात हातात घेऊन विचारलं, "आजी, काय काय गेलं हो?"

काकूंचे डोळे भरले. "काय सांगू माय! माह्या सांबार पुरा वाहून गेला."

पोरगी कळवळली. "अरेरे! इडल्या तरी वाचल्या का?"

भरल्या डोळ्यांनी काकू ज्या हसत सुटल्या, त्या आम्हाला आवरेनात!

*

पूर ओसरल्यावर सरकारी साहेब नुकसानीच्या पाहणीला आले. नदीकाठच्या मामांच्या वावरातली माती पार खरवडून गेली होती. उरला नुसता खडक. आम्ही सगळे मामांच्या मागे उभे.

"काका, तुमचं शेत कोणतं?" साहेबांनी विचारलं.

मामांनी नदी वाहत जाते त्या बाजूला बोट दाखवलं. तिकडच्याच गावात त्यांची लेक दिली आहे.

"ते माह्या पोरीच्या सासरी गेलं."

साहेबांनी वहीतून मान वर केली.

"लगनात काईच देल्लं नाई म्हून इहीन टोमणे मारे. तिकडं गेले तं सांगजा तिले, साहेब. आता पुरं वावर धाडलं म्हना!"