गायरानातला खड्डा

आपली राख गायरानात पुरावी आणि वर वडाचं रोप लावावं, एवढीच बाबांची शेवटची इच्छा होती. ते शिक्षक होते. आर्वीकडच्या आमच्या गावालगतचा तो उघडा, गवताचा माळ त्यांना सलत असे. इथे पूर्वी दाट जंगल होतं, माणसांनी ते तोडलं, असं ते वर्गात सांगत. दर पावसाळ्यात तिथे रोपं लावत. एकही जगलं नाही.

राख सावडली त्या दुपारी मी कुदळ आणि रोप घेऊन नाल्याकाठी गेले. गावची ढोरं चारणारे म्हातारे काका काठीवर हनुवटी टेकून बघत होते.

"काऊन खोदून राह्यली, बाई?"

"बाबांसाठी. वड लावायचाय."

"गुरुजीले सांगून सांगून थकलो मी. पोरं वाढवले त्यायनं, झाड एक नाई वाढलं. इथं गवतच राह्यते."

हातभर खाली काळ्या मातीत कोळशाचे बारीक कण दिसले. काका हसले. "आमच्या बाप-आज्याइचं काम. होळीआधी गवत पेटवत, मंग कवळं गवत फुटे."

राख खोल पुरायची म्हणून मी खणत गेले. त्याखाली माती पिवळट झाली. तिच्यात चुनखडीचे खडे होते. पाऊस कमी पडतो तिथे पाणी खोल न जाता मधेच सुकतं आणि हजारो वर्षांत असे खडे धरतात, हे मी वाचलं होतं. हातात मात्र पहिल्यांदाच घेत होते. अजून खाली गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख लागले. एक बोटांत चुरला.

मी कडेला बसून राहिले. इथे कधी पाणी साचत होतं. मग हवा कोरडी झाली, गवत आलं, माणसांनी आगीनं आणि ढोरांनी ते राखलं. बाबांच्या जंगलाची खूण कुठेच नव्हती. एवढा काळ, आणि माझ्या कमरेइतका खड्डा. बाबांनी आधी वाद घातला असता, मग चष्मा पुसून खड्ड्यात उतरले असते.

"वड कुठे लावू मग?"

"गावच्या विहिरीपाशी लाव. तिथं जगन."

मी राख ओतली, माती लोटली. काकांनी मुळांसकट गवताचा ढेपा आणून वर बसवला, पायानं दाबला.

"आता गुरुजीच्या डोक्यावर ढोरं चरतीन. राग येईन त्यायले."

"येईल," मी म्हणाले, आणि रोप उचललं.