मातीचं घर कुणासाठी

"आजी, जरा सारवून दाखवा पाहुण्यांना," सर म्हणाले आणि शेणाचं घमेलं माझ्या आईपुढं सरकवलं.

आई स्वतःच पाहुणी होती. निदान मला तसं वाटलं होतं. निफाडकडच्या आमच्या खेड्यातून एसटीनं आली होती, पांढरं पातळ नेसून. पोरानं कॉलेजात घर बांधलंय, त्याचं उद्घाटन आहे, एवढंच तिला ठाऊक. सर माझे विभागप्रमुख आणि गाइडही. तेच म्हणाले होते, "आईंना घेऊन या." मला बरं वाटलं होतं. मी खुळा.

मी नाशिकला इंजिनीअरिंगच्या पोरांना शिकवत होतो आणि पीएच.डी. करत होतो. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. आधी कोळसा जाळून वीट भाजायची, मग तापलेल्या घरात पंख्यासाठी वीज जाळायची, हा उफराटा कारभार मला पटत नव्हता. उन्हाळाभर पत्र्याच्या खोल्यांत आणि मातीच्या घरांत थर्मामीटर टांगत हिंडलो. माती जिंकली. मग कॉलेजच्या आवारात कच्च्या, दाबलेल्या विटांचं नमुन्याचं घर उभं केलं. त्या घरावर माझी डॉक्टरेट अवलंबून होती, आणि डॉक्टरेट सरांच्या सहीवर.

आई घमेल्याकडं बघत राहिली. तिची अर्धी हयात दुसऱ्यांच्या गोठ्याच्या भिंती लिंपण्यात गेली. गोठ्यात ती चालायची, ओट्यावर नाही. धम्मदीक्षा घेतली तेव्हा आमच्या बायांनी ते काम सोडलं. त्यापायी मार खाल्ला. आणि आता पोराच्या कॉलेजात, खुर्च्यांवर बसलेल्या लोकांसमोर, तेच काम.

तरी ती घमेल्यापाशी बसली, पदर खोचायला लागली. माझ्यासाठी. ते मला बघवेना.

"आई, ऊठ," मी म्हणालो. "सर, ती पाहुणी आहे."

सर हसले. "अहो, चिडता काय? मातीचं काम तुमच्या लोकांच्या रक्तातच असतं. कौतुकच करतोय मी."

"रक्तात नाही, सर. मारून करून घेतलंय."

आईचा हात धरला आणि निघालो.

स्टँडवर आई म्हणाली, "भाऊ, मातीतून सुटावं म्हणून तुला शिकवलं. अन् तू पुन्हा मातीचंच घर बांधतो?"

"आई, ते थंड असतं."

"थंड हाय, मला ठाऊक नाय का? पन सायब ऱ्हाईल का त्यात?"

सरांचा बंगला गंगापूर रोडला उठत होता. स्लॅबचा. त्यांना सिमेंट कधी कमी पडलं नाही.

सरांनी माझं गाइडपद सोडलं. दुसरं कुणी घ्यायला तयार झालं नाही. माझ्यामागून आलेले डॉक्टर झाले, रीडर झाले. मी आहे तिथंच. नमुन्याच्या घरात आता मोडकी बाकं टाकतात. एक कोपरा पावसानं ढासळलाय. कुणी लिंपत नाही. मीही नाही.

परवा प्राचार्यांनी बोलावलं. गावाबाहेरच्या झोपडपट्टीसाठी मातीच्या घरांची योजना आली आहे, आणि लोक नको म्हणतायत. "तुम्ही समजावा," ते म्हणाले. "तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "आधी स्टाफ क्वार्टर्स मातीचे बांधा. पहिल्या घरात मी येतो राहायला. शेजारी तुम्ही या."

प्राचार्य घड्याळ बघू लागले.

यानं काही बदलणार नाही, मला माहीत आहे. बढती तर विसरलोच. मी जे मोजलं ते खरं आहे, आणि ते माझ्याबरोबरच जाईल. याचं फार वाईट वाटतं. पण रविवारी मी वस्तीत जाणार आहे. सांगणार आहे, मातीचं घर चांगलं असतं, मी मोजलंय. तरी घेऊ नका. साहेब स्वतः त्यात राहायला जाईल तेव्हा घ्या. तोवर स्लॅबच मागा. नाही दिला तर रस्त्यावर बसू, आणि मी पुढं बसेन.