विहीणबाईंचा हट्ट

आमच्या मुलीनं लग्न स्वतःच जमवलं आणि आम्हाला फक्त कळवलं. जावई तिच्याच ऑफिसातला. त्याचं घर सिल्लोडच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या पंचांग आणि लेखणी, त्यांच्याकडं कापूस आणि मका. लग्नात दोन्हीकडची माणसं एकमेकांशी इतकी जपून वागली की कुणी कुणाशी धड बोललंच नाही. त्यामुळं पोळा झाल्यावर विहीणबाईंचा निरोप आला, की महालक्ष्म्यांची गडबड सुरू व्हायच्या आत दोन दिवस राहून जा, तेव्हा आमच्या यजमानांना लगेच पाठदुखी आठवली. मी एकटीच मुलगी-जावयाच्या गाडीत बसून निघाले.

तिथं माझा जो मान ठेवला, त्यानं मी अर्ध्या दिवसात टेकीला आले. पाण्याचा तांब्या उचलू देईनात. स्वयंपाकघरात डोकावलं की पाट मांडायचे आणि वर चहा. त्या घराचा कारभार विहीणबाईंच्या मोठ्या जाऊबाईंच्या हातात. किल्ल्या त्यांच्या कमरेला, आणि तेलाची बुधली कुठं ठेवायची इथपासून सगळं त्या ठरवणार. विहीणबाई आपल्या मान खाली घालून भाकरी थापायच्या. मनात म्हटलं, ह्या बाईशी दोन दिवस काय बोलायचं?

संध्याकाळी त्या मला म्हैस दाखवायला गोठ्यामागं घेऊन गेल्या. म्हैस मी मनापासून पाहिली, पण म्हशीकडं पाहायचं तरी किती? मागून कसला तरी एकसारखा आवाज येत होता. मी विचारलं, हायवे इतका जवळ आहे का? तर विहीणबाई हसल्या. पहिल्यांदाच. तो डोंगरातला धबधबा होता. पावसाळाभर असाच वाजत असतो म्हणाल्या. मी म्हटलं, छान असेल. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी म्हशीकडून त्यांच्याकडं वळले. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी तो एकदाही पाहिला नव्हता. शेतात जायचं, बाजारात जायचं, माहेरी जायचं. धबधब्यावर मेंढरंवाले जातात, रविवारी शहरातली पोरं जातात. घरच्या बाईचं तिथं काय काम? कुणी अडवलं नव्हतं, कारण कधी कुणी विचारलंच नव्हतं.

मग त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि माझा हात धरला.

"ताई, मला बघायचाय तो. मी म्हणलं तर घरात हसतील. तुम्ही म्हणा ना. विहिणीचा शब्द आमच्यात कुणी मोडत नाय."

आमच्या घराजवळच्या, गारखेड्यातल्या भाजीबाजारात मी रिक्षानं जाते. आमच्या सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर हळदीकुंकवाला जायचं तर आधी लिफ्ट चालू आहे का ते विचारते. पण त्या बाईच्या डोळ्यांत असं काही होतं की माझ्या तोंडून हो निघून गेलं. शिवाय खोटं सांगत नाही, दोन दिवस पाटावर बसून चहा पिण्यापेक्षा डोंगरावरून पडणं मला बरं वाटलं.

सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मी जाहीर केलं, की मला धबधबा पाहायचाय. लहानपणापासूनची हौस आहे असंही ठोकून दिलं. मुलीनं कपावरून माझ्याकडं अशी नजर टाकली, की आई, तुला ताप आहे का? मी पुढं म्हटलं, आणि विहीणबाई बरोबर पाहिजेत, एकटीला मला अवघड वाटतं. विहीणबाई गरीब गाईसारख्या खाली बघत होत्या. काय नाटकी बाई!

जाऊबाई म्हणाल्या, वाट निसरडी आहे, काही झालं तर शहरात काय तोंड दाखवायचं? पण व्याह्यांनी निकाल दिला. पाहुण्या विहीणबाईंनी तोंडानं मागितलंय, नाही कसं म्हणायचं? जावई वाट दाखवेल असं ठरलं. मुलगी म्हणाली, सासूबाईंच्या भाकऱ्या आज मी करते. ही पोरगी घरी मॅगी करपवते, पण तिचा चेहरा बघून मला कळलं की सासूचं गुपित तिला ठाऊक होतं.

जाऊबाई हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. मी बूट घालत होते तेवढ्यात त्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. दुपारून पाऊस आहे, नाल्याला पूर आला तर गाडी अडकेल, तुमचं लवकर निघालेलं बरं, असं म्हणून त्यांनी मला कुंकू लावलं आणि माझी ओटी भरली. मी आपली ओढणी पसरून हसत उभी. खण पडला, गहू पडले, त्यावर नारळ पडला. आणि मग विहीणबाईंचा उतरलेला चेहरा दिसला तेव्हा माझी ट्यूब पेटली. ओटी भरली म्हणजे निरोप झाला. भरलेली ओटी वाटेत खाली ठेवायची नसते, ती थेट आपल्या घरी देवापुढं. बाईंनी मला डाव टाकून घराबाहेर काढलं होतं, तेही मानानं.

माझं डोकं एकदा फिरलं की फिरलं. मी म्हटलं, ओटी खाली ठेवायची नाही, एवढंच ना? आणि ओढणीला गाठ मारून सगळी ओटी कमरेला बांधली. "चला विहीणबाई," म्हटलं आणि निघाले.

मक्याच्या शेतापर्यंत मी राणीसारखी चालले. नाला ओलांडला आणि वाट जी उभी झाली ती झालीच. काळा कातळ, त्यावर शेवाळ, मधे मधे सागाची मुळं, दोन्ही बाजूंना घाणेरीचं रान. शहरात गुलमंडीवरच्या दुकानातून आणलेले माझे पांढरे बूट पहिल्या वळणाला चिखलाचे झाले. दर पावलाला नारळ मांडीवर आपटायचा. विहीणबाई प्लास्टिकच्या चपला हातात घेऊन, साडीचा ओचा खोचून, माझ्या पुढं पळत होत्या. अक्षरशः पळत. वर जाऊन थांबायच्या, माझ्याकडं बघायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. मी धापा टाकत म्हटलं, हसा, हसा, हौस माझी आहे ना! तेव्हा त्यांनी पदर सोडला आणि मोकळ्यानं हसल्या. एवढंसं निमित्त, पण मग आम्हाला दोघींना आवरेना. माकडं दिसली, हसलो. माझा बूट चिखलात रुतून निघाला, हसलो. जावई बिचारा पुढून ओरडायचा, आई, सावकाश, आणि दोघी एकदम ओ द्यायचो. त्यावरही हसलो.

शेवटच्या चढाला हात टेकून चढायचं होतं. मी एक पाय वर टाकला, दुसरा घसरला आणि मी बदकन खाली बसले. लागलं नाही, पण गाठ सुटली. गहू कातळभर पसरले. खण एका फांदीला अडकून फाटला. आणि नारळ निघाला. आधी सावकाश, मग उड्या मारत, वळणं बरोबर घेत, आम्ही तासभर घाम गाळून चढलेली सगळी वाट उतरून तो खाली नाल्यात पडला आणि वाहून गेला.

आम्ही दोघी बघतच राहिलो. लेकीच्या सासरची ओटी, आणि मी ती सांडली! आता ही बाई काय समजेल, घरी काय सांगेल, माझ्या पोरीला पुढं काय काय ऐकावं लागेल, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं. विहीणबाईंनी नाल्याकडं पाहून हात जोडले. मग माझ्याकडं वळल्या.

"देवीनं जाग्यावरच घेतली ओटी," त्या म्हणाल्या, "तुमचं घरापर्यंतचं वझं वाचलं," आणि माझ्या शेजारी चिखलातच बसून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जावई परत आला तेव्हा आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होतो. हसून हसून रडत होतो हे त्याला कळायला वेळ लागला.

वरचं वळण घेतलं आणि धबधबा समोर आला. एवढ्या उंचावरून एवढं पाणी, आणि त्याचा आवाज छातीत वाजत होता. विहीणबाई थोडा वेळ लांबच थांबल्या. मग साडीसकट तुषारांत चालत गेल्या आणि तोंड वर करून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून कधीच पडला होता. मीही मागोमाग गेले. पाणी इतकं गार की मी किंचाळलेच, त्यांनी माझा हात घट्ट धरला. मला इतका आनंद लेकीच्या लग्नातही झाला नव्हता, हे तिला सांगायची सोय नाही.

"मी मनाची समजूत घातली होती," त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "बारकाच असंल म्हणलं. काय बघायचंय त्यात. हा तर लई मोठा निघाला ओ ताई."

त्या रडत होत्या का, ते त्या पाण्यात कळायला मार्ग नव्हता. मी मात्र रडत होते.

परत आलो तेव्हा आम्ही दोघी ओल्याचिंब, चिखलानं माखलेल्या. अंगणात व्याही आणि जाऊबाई वाट पाहत उभे. आतून करपलेल्या भाकरीचा वास येत होता. जाऊबाईंची नजर सरळ माझ्या रिकाम्या ओढणीवर गेली. व्याह्यांनी अदबीनं मला विचारलं, झालं का समाधान तुमचं? मी ठरवलेलं वाक्य बोलायला तोंड उघडलं, पण विहीणबाई आधी बोलल्या.

"त्यांना नव्हता बघायचा. मला बघायचा होता."

व्याह्यांनी टोपी काढली आणि परत घातली. मी जाऊबाईंकडं पाहत होते. आता तोफ सुटणार म्हणून पोरीला दारातून आत ढकललं. जाऊबाईंनी धाकट्या जावेच्या ओल्या साडीकडं पाहिलं.

"मग मला का नाय सांगितलं?" त्या म्हणाल्या. "तुझ्या आधीपासून ऐकतीय मी त्याला."

विहीणबाई पुढं झाल्या आणि त्यांनी जाऊबाईंचा हात धरला, तसाच, जसा काल गोठ्यामागं माझा धरला होता. जाऊबाईंनी तो झटकला नाही. हात तसाच ठेवून त्या माझ्याकडं वळल्या आणि नेहमीच्या कारभारी आवाजात म्हणाल्या, की विहिणीला रिकाम्या ओटीनं लावून देता येत नाही, ती परत भरावी लागेल, पण आज नाही, उद्या दुपारून. सकाळी वेळ नाही. मग जावयाला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, त्या कातळावर आपली चप्पल चालेल का, का अनवाणीच जावं?

माझ्या गुडघ्यांना कुणी काही विचारलं नाही. मीही नाही विचारलं. मी बूट धुऊन उन्हात वाळत घातले.